दखल घ्या, पण वर्गात बसून

शिक्षक दिन जवळ आला की पंचायत समित्यांमध्ये पुरस्कारांच्या फायली फिरू लागतात. त्यांत चार-पाच वर्षेच सेवा झालेला शिक्षक क्वचितच दिसतो. राष्ट्रीय पुरस्काराला तर दहा वर्षे सेवेची अट आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले तेव्हा ते ऐन तिशीत असल्याचे कौतुक झाले. पण तेही 2009 पासून सेवेत होते. नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, पूर्ण पगाराऐवजी मानधनावर जातात. प्राथमिकला ते 2023 पासून महिन्याला 16 हजार आहे. कामाची उमेद बसते किंवा मोडते ती याच काळात, म्हणून दखलही तेव्हाच हवी.

अडचण पुराव्याची आहे. नव्या शिक्षकाच्या फायलीत फोटो, कात्रणे, प्रमाणपत्रे भरपूर असतात. मुले जुलैमध्ये अभ्यासात कुठे होती, हे मात्र कुठेच नसते. उपक्रम सुचतो दिवाळीनंतर आणि पायाभूत नोंद, म्हणजे उपक्रमाआधी मुलांना काय येत होते याची नोंद, मागाहून 'तयार' होते. तपासणाऱ्याला ते लगेच कळते, कारण सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या असतात.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात आणखी एक फसगत होते, ती ऊसतोडीची. समजा, तिसरीच्या वर्गात 24 मुले आहेत. जुलैमध्ये त्यांतली 9 परिच्छेद वाचतात, म्हणजे 38 टक्के. दिवाळीनंतर 6 मुले आईबापांबरोबर फडावर गेली, सहाही कच्ची. मार्चमध्ये उरलेल्या 18 पैकी 11 वाचतात. अहवालात येते '38 वरून 61 टक्के'! प्रत्यक्षात वाचायला लागली दोनच मुले. दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना केली, तर आकडा 50 वरून 61 होतो. तोच लिहावा आणि गेलेल्या सहा मुलांची नावे खाली वेगळी द्यावीत. असा अहवाल दिसायला फिका, पण खरा.

अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात घरची भाषा कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. अशा वर्गात मूल अक्षरे जोडून घडाघडा वाचते आणि अर्थ विचारला की गप्प बसते. त्याला 'परिच्छेद वाचतो' या रकान्यात टाकू नये. वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारावा. उत्तर कन्नडमध्ये आले तरी चालेल. नोंदवहीत घरच्या भाषेचा रकाना आखायला एक मिनिट लागत नाही. जुलै आणि फेब्रुवारीतले एकाच मुलाच्या वहीचे एकेक पान, तारखेसह, खाडाखोड न पुसता जपून ठेवावे. गट-फोटोंपेक्षा ते दहापट बोलते.

शिक्षकांनी वर्गात केलेल्या नव्या प्रयोगांच्या नवोपक्रम स्पर्धेतले बरेच अहवाल शीर्षकातच घसरतात. 'आनंददायी शिक्षण' म्हटले की मोजायचे काय? 'तिसरीतील कन्नडभाषक मुलांचे जोडाक्षर-वाचन' म्हटले की उद्दिष्ट, कार्यपद्धती, फलनिष्पत्ती आपोआप रांगेत येतात. आणि प्रवेश शुल्क किंवा स्मरणिकेची जाहिरात मागून 'राज्यस्तरीय' सन्मानचिन्ह देणाऱ्यांच्या वाटेला नव्या शिक्षकांनी जाऊच नये. त्या शालीची किंमत सगळ्या तालुक्याला ठाऊक असते.

प्रशासनाकडे मागणे मोठे नाही. शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी जुलै आणि फेब्रुवारीत न कळवता एकेक तासिका वर्गात बसावे. हजेरीतून चिठ्ठ्या टाकून पाच मुले निवडावीत, त्यांचे वाचन ऐकावे, हातच्याचे एक वजाबाकीचे गणित सोडवून घ्यावे. मुले शिक्षकाने निवडू नयेत, नाहीतर दोन्ही वेळा तीच हुशार पाच पुढे येतील. काम दिसले तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे तिथल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्या शिक्षकाला वीस मिनिटे द्यावीत आणि सेवापुस्तकात एक ओळ लिहावी. हार-तुरे नसले तरी चालतील.

नाव झाले की तोच शिक्षक 'तंत्रस्नेही' ठरतो आणि प्रशिक्षणाला, ऑनलाइन माहिती भरायला, समित्यांवर ओढला जातो. दोनशिक्षकी शाळेत मग पहिली ते चौथी एकट्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडते. ज्या वर्गासाठी कौतुक झाले तोच रिकामा राहतो. म्हणून गौरवाच्या आदेशातच लिहावे, की पुढची दोन वर्षे या शिक्षकाला शाळेबाहेरचे काम देऊ नये.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख, सोलापूर