एका दिवसाच्या सहलीसाठी बेट की किनारा?

महोदय,

वर्तमानपत्रांच्या प्रवासविषयक पानांवर दुर्गम बेटांची आणि किनाऱ्यालगतच्या डोंगर-शिवाराची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली जातात. त्यामुळे दोन्हीकडे एका दिवसात सारख्याच सहजतेने जाऊन येता येते, असा वाचकांचा समज होतो. ज्याच्या हाती खरोखर एकच दिवस आहे त्याने किनारा निवडावा आणि बेटाची ओढ फारच असेल तर तेथे निदान एक रात्र मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवे शहरात उतरणाऱ्या प्रवाशापुढे अरान बेटे की कॉनेमारा हा किनाऱ्यालगतचा मुलूख, असा नेमका हाच प्रश्न असतो. अरानपैकी सर्वांत मोठे असलेल्या इनिश मोरला रोसाव्हील बंदरातून फेरीबोटीने सुमारे ४० मिनिटे लागतात, एवढेच वाचले तर बेट हाकेच्या अंतरावर वाटते. पण शहरापासून बंदरापर्यंतचा रस्ता, बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी धक्क्यावर हजर राहणे आणि संध्याकाळी हेच सारे उलट क्रमाने करणे हिशेबात धरले, तर दिवसातले चार तास सहज जातात. उरलेल्या वेळात लोक सायकलने किंवा भाड्याच्या गाडीने सुमारे १०० मीटर उंच कड्यावरच्या डून एंगस या प्राचीन दगडी तटबंदीपर्यंत धावत जातात आणि बोट चुकेल या धास्तीने धावतच परततात. उघड्या चुनखडीवर वाळू आणि समुद्री शेवाळ पसरून तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी माती तयार केली आणि वाऱ्यापासून ती जपण्यासाठी दगडावर दगड रचून बांध घातले. हे या बेटाचे खरे वैभव आहे, आणि ते पाहायला संथ पावलांनी हिंडावे लागते. घड्याळाकडे पाहत हिंडणाऱ्याला त्यातले फारसे काही दिसत नाही.

त्याच दिवशी कॉनेमाराच्या रस्त्याला लागलेल्या माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा असतो. एकीकडे ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर, दुसरीकडे दलदलीची तपकिरी माळराने आणि पुढे सुमारे १६ किलोमीटर आत शिरलेली किलरीची अरुंद खाडी, असा हा मुलूख आहे. अटलांटिक महासागर न थांबता ओलांडणारे पहिले विमान जून १९१९ मध्ये जेथे उतरले, ती क्लिफडेनजवळची दलदलही याच वाटेवर लागते. पाऊस आला तर थांबावे, धुके उतरले तर दुसऱ्या वळणाने जावे आणि एखादी जागा आवडली तर तेथेच तासभर बसावे. माझ्या मते सहलीचे निम्मे सुख या मोकळीकीत असते, आणि परतीच्या बोटीला बांधलेल्या दिवसात नेमकी तीच मिळत नाही.

समुद्राच्या लहरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. आयर्लंडच्याच नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेल्या स्केलिग मायकल या खडकाळ बेटावर दिवसाला जेमतेम १८० माणसांना उतरू देतात, आणि तेही केवळ उन्हाळ्याच्या महिन्यांत. एवढे करूनही, स्वच्छ ऊन पडलेले असताना बोटी रद्द होतात. दूरवरच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, खडकाच्या पायऱ्यांशी बोट वरखाली होऊ लागते आणि तशा स्थितीत प्रवाशांना उतरवणे धोक्याचे असते. खलाशांचा हा निर्णय पूर्णपणे योग्यच असतो, पण ज्याने आपला एकमेव दिवस त्या बोटीवर लावला त्याच्या हाती काहीच उरत नाही. शिवाय दिवस चढेल तशी जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि दुपारी वारा जोर धरतो, म्हणून सकाळी शांत वाटलेला समुद्र परतताना अनेकदा खवळलेला असतो. सोबत लहान मुले किंवा वृद्ध माणसे असतील तर याचा विचार आधीच करायला हवा.

इंग्लंडमधील लिंडिसफार्नसारख्या बेटांवर बोटीशिवाय, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या रस्त्याने जाता येते. ही सोय मोहात पाडणारी असली, तरी भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आदल्या दिवशीच्या वेळेवर विसंबून निघालेल्यांच्या गाड्या तिथे दरवर्षी पाण्यात अडकतात.

बेटांना कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. शेवटची बोट निघून गेल्यावर बेट पुन्हा तिथल्या लोकांचे होते, आणि तेव्हा तेथे असण्यासारखा आनंद किनाऱ्यावर कोठेही मिळणार नाही. म्हणूनच ते घाईत उरकू नये असे मला कळकळीने वाटते. शिवाय काही तासांसाठी लोटणाऱ्या गर्दीचा कचरा त्या लोकांना पुन्हा बोटीनेच मुख्य भूमीवर पाठवावा लागतो.

तरी आपणांस विनंती आहे की, बेटावरील कोणताही लेख छापताना परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ, बेटावर प्रत्यक्ष मिळणारे तास, बोटी कोणत्या महिन्यांत चालतात आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात किंवा कसे, एवढी माहिती लेखासोबतच ठळक चौकटीत द्यावी. त्यासाठी जागा कमी पडत असेल, तर एखादे छायाचित्र वगळले तरी वाचकांची हरकत असणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक