तक्रार पत्र: बिल्ज पंपाच्या किटमधली बिनकल्हईची वायर

हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बिल्ज पंपाच्या किटमधला फ्लोट स्विच व वायर सदोष असणे आणि वॉरंटी नाकारणे

महोदय,

१२ जुलैला मी तुमचं १२ व्होल्टचं बिल्ज पंपाचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं, किट घेतलं. त्यात पंप, फ्लोट स्विच, सहा मीटर वायर आणि फ्यूजची डबी आहे. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्याच्या आत बोटीची सगळी कामं उरकायची असतात, म्हणून घासाघीस न करता घेतलं. वॉरंटी एक वर्षाची. ती तुम्ही २८ ऑक्टोबरच्या मेलने नाकारलीत: खाऱ्या पाण्यामुळे आलेला गंज वॉरंटीत बसत नाही.

साहेब, खोक्यावर बोटीचं चित्र तुम्हीच छापलंय. गोड्या पाण्यात चालणारा पंप हवा असता तर मी दापोलीत शेतीपंपाच्या दुकानात गेलो असतो.

आता झालं काय ते सांगतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतीच्या पावसाने जोर धरला, तेव्हा बोट आंजर्ल्याच्या खाडीत नांगरून ठेवली होती. पंख्याचा दांडा (शाफ्ट) बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थोडं पाणी कायम झिरपतं, त्यात वरून पाऊस. त्यासाठीच तर फ्लोट बसवला. पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. सकाळी गेलो तर फळ्यांच्या वर पाणी, आणि आउटलेटमधून करंगळीएवढी धार. पंप रात्रभर घरघरत राहिला असणार, कारण बॅटरीही बसली होती. इंजिनाचा स्टार्टर पाण्याखाली. त्याची दुरुस्ती ४,८०० रुपये, आणि मासळीचे चार दिवस गेले ते वेगळेच.

तुमच्या हेल्पलाइनवर मला आधी विचारलं की फ्यूज पाहिला का. पाहिला, शाबूत होता. इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पंपातलं चक्र? उघडून पाहिला, साफ होता. लाल-काळी वायर उलटी लागली असेल? नव्हती. हे सगळं झाल्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आलं की पंप पाठवून द्या. पण पंपाला काहीच झालेलं नाही, हेच तर मी सांगत होतो. चार्ज केलेल्या बॅटरीला पंपाच्या दोन वायरी थेट लावल्या की तो असा पाणी फेकतो की शेजारचा खलाशी भिजला. मोटर तुमची उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. खोक्यावर छापलेले ताशी लिटर पाइप वर चढवल्यावर मिळत नाहीत, तेही मला ठाऊक आहे आणि त्याचीही तक्रार नाही.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. पंप चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पंपापाशी ८.७. म्हणजे वाटेत ३.७ व्होल्ट कुठेतरी मुरत होते. मीटरचं एक टोक फ्लोट स्विचच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे लावलं, तर एकट्या स्विचवर २.९. चांगल्या स्विचवर हा आकडा शून्याच्या आसपास हवा. उरलेले ०.८ वायरमध्ये.

स्विचमधून बाहेर येणारी वायर चार इंच सोलली. आतलं तांबं काळंठिक्कर, मध्येमध्ये हिरवा चुरा, आणि बोटात धरून वाकवली तर अर्ध्या तारा मोडून हातात आल्या. चाकूने खरवडल्यावर खाली नुसतं लाल तांबं. कल्हईचा पांढरा अंश कुठेही नाही. बोटीच्या वायरीत तांब्याच्या प्रत्येक तारेवर कल्हई असावी लागते, नाहीतर इन्सुलेशनच्या आतून वर चढणारं खारं पाणी तांबं खाऊन टाकतं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना शाळेत न जाता ठाऊक होतं. तुमच्या माहितीपुस्तकात पान ४ वर 'टिन केलेली मरीन वायर' असं लिहिलंय. ती वायर कुठे आहे?

'बसवताना जोड नीट केले नसतील' असंही तुमचं म्हणणं आहे. माझे जोड आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकने (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीने) बंद केलेले आहेत आणि ते आजही कोरडे आहेत. वायर सडली ती तुमच्या कारखान्यात सील केलेल्या तोंडापाशी.

एक गोष्ट मात्र मला जास्त खटकली. सप्टेंबरमध्ये एकदा फ्यूज उडाला होता, तेव्हा तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं, साडेसातच्या जागी पंधरा अँपिअरचा घाला. मी घातला नाही. पंप उघडला तर इंपेलरला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला होता. तो काढला, जुन्याच मापाचा फ्यूज घातला आणि पंप चालू झाला. ती चूक माझी, पंपाच्या तोंडची जाळी मी साफ ठेवायला हवी होती. पण अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज असतो तो वायर वाचवायला. मोठा फ्यूज घातला असता तर वायर तापली असती, तीही फायबरच्या बोटीत, डिझेलच्या कॅनशेजारी. हा सल्ला तुम्ही आणखी कितीजणांना दिलाय?

मासेमारीची बोट म्हणजे व्यावसायिक वापर, असंही मेलमध्ये आहे. बोट मी स्वतः चालवतो, सोबत दोन खलाशी, त्यावर घर चालतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक धरली जात नाही; तुमच्या वकिलांना विचारून घ्या.

माझ्या मागण्या: कल्हईच्या वायरीचा नवा फ्लोट स्विच आणि तशीच सहा मीटर वायर, स्टार्टरचे ४,८०० रुपये, आणि पंधरा अँपिअरचा सल्ला चुकीचा होता हे लेखी. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

बिलाची व मेलची झेरॉक्स, मीटरचे फोटो आणि सोललेल्या वायरीचा दोन इंची तुकडा सोबत जोडला आहे. उरलेला तुकडा आणि स्विच माझ्याकडे जपून ठेवले आहेत.

आपला,
एक बोटमालक, हर्णै बंदर