जुनी झेड-4 घेताना वॉटर पंपाचे पैसे बाजूला ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या एसयूव्हीच्या पैशात बीएमडब्ल्यूची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, झेड-4, मिळते, असे ऐकून सोलापुरातली बरीच तरुण मंडळी सध्या पुण्या-मुंबईकडे चौकशी करत आहेत. 2009 नंतरची, पत्र्याचे छत घडी होणारी 35आय ही त्यातली सगळ्यांची आवडती. गाडी खरोखर सुंदर आहे आणि तिचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन टर्बोचे एन-54 इंजिन तर त्याहून सुंदर. मात्र त्याचे काही आजार ठरलेले आहेत. ते न विचारता सौदा करणाऱ्याला पहिल्याच वर्षी लाखांची पावती हातात पडते.

पहिला आजार वॉटर पंपाचा. या इंजिनात पंप बेल्टवर फिरत नाही, त्याला स्वतःची विजेची मोटर आहे. त्यामुळे आधी आवाज नाही, गळती नाही. पंप एकदम थांबतो आणि तापमानाचा दिवा लागतो. मोहोळ-टेंभुर्णीच्या मध्ये एप्रिलच्या दुपारी असे झाले, तर ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ’ म्हणणारा माणूस इंजिनचे हेड वाकवून घेतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, उष्णता सहन करत नाही. दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक (फ्लॅटबेड) बोलवावा. मागची चाके जमिनीवर ठेवून दोरीने टोचन करू नये, गिअरबॉक्स जाईल.

पंप आणि त्याच्या शेजारचा थर्मोस्टॅट (इंजिनचे तापमान राखणारी झडप) एकदमच बदलावेत. दोन्ही मिळून साधारण 40 ते 60 हजार, मजुरी वेगळी. पंपाचे अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, जुने परत लावू देऊ नका. कूलंट कंपनीच्या प्रतीचा आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो, ते टाकूच नये. शेवटी हवा काढताना गॅरेजवाले घाई करतात. पद्धत अशी: बॅटरीला चार्जर लावायचा, इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करायचे, हीटर सर्वांत गरम, पंखा सर्वांत कमी आणि अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. मग पंप आपोआप बारा-एक मिनिटे फिरतो आणि हवा निघते. हे केले नाही तर नवा पंप बसवूनही गाडी तापते आणि दोष पंपाला लागतो.

दुसरे दुखणे स्वस्तातले, पण दुर्लक्षाने भयंकर. ऑइल फिल्टर ज्यात बसतो त्या हाउसिंगचे रबरी गॅस्केट कडक होऊन ऑइल गळते आणि नेमके खाली असलेल्या बेल्टवर पडते. ऑइल लागलेला बेल्ट घसरतो, चिरतो आणि क्रँक पुलीमागे ओढला जाऊन पुढच्या सीलमधून आत शिरतो. त्याचे तुकडे ऑइल पंपाची जाळी बंद करतात. गॅस्केट दोन-तीन हजारांत येते, इंजिनचे काय ते सांगायला नको. गाडी बघताना बॅटरीवर चालणारा टॉर्च न्या आणि हाउसिंगखालची जागा ओली आहे का, ते बोट लावून पाहा. धुऊन चकचकीत केलेले इंजिन दाखवले तर संशय जास्त घ्या.

तिसरा आजार इंजेक्टरना जास्त दाबाने पेट्रोल पुरवणाऱ्या हाय प्रेशर पंपाचा. त्यासाठी 2010 मध्ये कंपनीने अमेरिकेत या इंजिनाच्या गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात झेड-4 सुद्धा होती. सकाळी स्टार्टर लांबत जाणे, जोरात दाबल्यावर पिकअप तुटणे ही लक्षणे. खर्च लाखाच्या आसपास. सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे इंजेक्टर सहा, त्यांचे भाव एकेकाचे 30-40 हजार. शेवटची सुधारित आवृत्ती ‘इंडेक्स 12’ म्हणून ओळखली जाते. नव्या इंजेक्टरवरचे आकडे गाडीच्या संगणकात भरावे लागतात, नाहीतर मिसिंग राहते.

टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची, म्हणजे वेस्टगेटची, खडखड बऱ्याच गाड्यांत असते. खडखड ऐकून घाबरू नका. स्कॅनरवर 30एफएफ कोड आला आणि दाब कमी मिळत असेल तरच ते प्रकरण लाखांचे आहे. 2ई81 किंवा 2ई82 दिसले तर दोष वॉटर पंपाचा. साधा स्कॅनर हे कोड दाखवतोच असे नाही, बीएमडब्ल्यूचे सॉफ्टवेअर असलेलाच माणूस न्यावा.

ऑइल मोजायला काडी नाही, म्हणून पातळी डॅशबोर्डवर बघावी. साडेसहा लिटर ऑइल लागते आणि आपल्या धुळीत 8 ते 10 हजार किलोमीटरला बदलावे. टायर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडे अंतर चालणारे), डिकीत स्टेपनी नाही; खड्ड्यात टायरची बाजू फुगली की थेट नवा टायर. पुढचे-मागचे माप वेगळे असल्याने अदलाबदलही होत नाही. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल तर ई-20 (20 टक्के इथेनॉलचे) पेट्रोल टाकीत भरून ठेवू नये, इथेनॉल ओलावा ओढते.

2009-10 च्या गाड्यांची 15 वर्षांची नोंदणी संपली आहे. पुनर्नोंदणी, फिटनेस आणि ग्रीन टॅक्स विक्रेत्याने भरला आहे का, हे आरसीवर तपासूनच टोकन द्यावे.

आपला,
गॅरेज व्यवसायातील एक वाचक
होटगी रोड, सोलापूर