राणीच्या नावापुढे काय लिहू?

सोलापूर, पूर्व भाग

प्रिय शोभे,

दिवाळीपासून तुझ्या पत्राचं उत्तर राहिलंय. शुगर आहे तशीच, आईचे गुडघेही. फोन केला असता, पण तू मध्येच हसतेस आणि माझा मुद्दा बुडतो.

लक्ष्मीअक्काची राणी आमच्या कारखान्यात शिलाईला होती, टॉवेलच्या कडा मारायची. तरणी पोरं पुण्याला पळतायत, म्हणून मालकांनी तिला लूमवर घेतलं. दोन माग सांभाळते गं! ताण्याचा धागा तुटला की माग थांबवते, वाकून फणीतून धागा ओढते, गाठ मारते की खटखट सुरू. शेजारी यल्लप्पा तोवर तंबाखूच मळत असतो. (हो, तोच चिठ्ठीवाला. टक्कल पडलंय.)

आणि मालक मला म्हणतात, पगारपत्रकात तिच्या नावापुढे 'मदतनीस' लिहा. म्हणजे माल विणकराचा, मजुरी मदतनिसाची. सारख्या कामाला सारखी मजुरी हे १९७६ च्या कायद्यातच आलं, म्हणून तर काम सारखं आहे हे कागदावर येऊ द्यायचं नाही. वर कारण काय, तर बायका रात्रपाळी करत नाहीत. दिवसपाळीचा टॉवेल काय स्वस्तात विकतात?

आता शिलाईच्या आणखी दोघींना लूमवर घ्यायचं चाललंय. यल्लप्पा घाबरलाय, आणि पहिल्यांदाच मला त्याचं पटलं. कांडी भरणं, शिलाई, पॅकिंग बायकांचं, म्हणून दर पडलेला. उद्या लूमही बायकांचा ठरला तर?

तू म्हणायचीस, विडी बरी, घरात बसून होते, पोरं नजरेसमोर राहतात. मी म्हणायचे, म्हणूनच ती स्वस्तात वळून घेतात. त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. पण तुझी आई आठव. चेकरने छाट, म्हणजे खराब, म्हणून मूठभर विड्या बाजूला काढल्या की त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. तिने एकदा सगळं सूपच त्याच्या टेबलावर उपडं केलं होतं! मला तेवढा दम नाही, पगार मलाही तिथूनच मिळतो.

राणीला अजून काही बोलले नाही. ती लूमवर इतकी खूश आहे.

पिंकीचं ठरलं का? मुलगा बँकेत म्हणालीस, छान. सासूबाईंना नमस्कार.

पगार शनिवारी आहे. तुझ्या युनियनवाल्या दिरांना विचार, मी 'विणकर' लिहून सही केली तर मला काढता येतं का. शुक्रवारी रात्री फोन कर, आणि हसू नकोस.

तुझी,
सरू