‘नॅनो सिल्व्हर’ स्प्रेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : स्प्रेचा फवारा श्वासावाटे शरीरात जाण्याबाबत डब्यावर कोणतीही सूचना नसणे

महोदय,

परभणीतील एका दुकानातून मी आपल्या कंपनीचा जंतुनाशक स्प्रे विकत घेतला. डब्याच्या दर्शनी भागावर ‘नॅनो सिल्व्हर’ (म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण) ही अक्षरे ठळक छापलेली असून पडदे, गाद्या व कूलर यांवर तो फवारावा, असे मागे लिहिले आहे. कूलरच्या गवतावर स्प्रे मारून पंखा सुरू केला की हवेत राहिलेला सगळा फवारा थेट खोलीत येतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात भरदुपारी कूलरसमोरून उठून जाणार तरी कुठे? माझ्या सासूबाईंना दमा आहे. त्यांना खोकल्याची उबळ आली व पंप घ्यावा लागला. ती चांदीच्या कणांमुळे आली, सुगंधामुळे की डब्यातील गॅसमुळे, हे ठरवण्याइतकी माहितीच डब्यावर नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

माझ्या ई-मेलला उत्तर म्हणून आपण त्वचेवरील चाचणीचे प्रमाणपत्र पाठवलेत. विचारले फुप्फुसाचे, उत्तर आले कातडीचे! नॅनोकण 1 ते 100 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) इतके सूक्ष्म असतात. पण ते ज्या थेंबांतून बाहेर पडतात त्यांचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण मोठे थेंब लगेच खाली बसतात, तर 10 मायक्रोमीटरहून (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून) लहान थेंब हवेत तरंगत राहून श्वासनलिकांत उतरतात आणि त्यांतले अगदी बारीक थेंब वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोहोचतात. 2006 मध्ये जर्मनीत काच व फरशीवर मारण्याच्या एका ‘नॅनो’ स्प्रेमुळे शंभराच्या आसपास लोकांना श्वसनाचा त्रास झाला होता. त्याच नावाच्या हातपंपाच्या बाटलीबाबत तक्रार नव्हती, ती गॅसच्या डब्याबाबत होती. पुढे तपासणीत त्या डब्यांत नॅनोकण आढळलेच नाहीत. म्हणून केवळ ‘नॅनो’ या नावावर मी खापर फोडत नाही. आपला डबाही गॅसचाच आहे, तेव्हा फवारा किती बारीक, हे आपण सांगितलेच पाहिजे.

युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांतील नॅनो घटकापुढे तसा उल्लेख करणे 2013 पासून बंधनकारक आहे. आपण तो शब्द जाहिरातीसाठी वापरता, घटकांच्या यादीत मात्र केवळ ‘सक्रिय घटक’ एवढेच छापता, हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने दिलेल्या माहितीच्या हक्काला धरून नाही.

तरी द्रावणातील चांदीचे प्रमाण, कणांचा व थेंबांचा आकार आणि श्वसनाबाबत चाचणी झाली असल्यास तिचा अहवाल मला लेखी कळवावा. कूलरवर फवारण्याची सूचना डब्यावरून त्वरित काढावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दमेकरी व लहान मुलांना खोलीबाहेर न्यावे, ही सूचना मराठीत व वाचता येईल अशा अक्षरांत छापावी. पैसे परत करण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. बिलाची प्रत व डब्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,
आपली ग्राहक,
परभणी