मावशींचा अंगठा

डिचोली, गोवा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू कारखान्यातल्या नव्या लाइनचं विचारलंस आणि मी "मस्त" म्हणून विषय टाळला. तेव्हा मी लाइनवरच होतो, घामाघूम.

वेर्ण्याला आम्ही गोळ्यांच्या स्ट्रिपा खोक्यात भरायचं मशीन बसवलं. आधी सहाजणी हाताने भरायच्या, आता दोघी उरल्यात. (बाकीच्या दुसऱ्या सेक्शनला, काढलं कुणालाच नाही, तू आधी तेच विचारशील.) या दोघींनी सपाट खोकी मॅगझिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खोक्यांच्या कप्प्यात, लावायची आणि बघत बसायचं. हे बघत बसणंच जड जातं रे! तासभर काही घडत नाही आणि मग अर्ध्या मिनिटात सगळं घडतं.

जुलैत खोकी अडकायला लागली. तीन दिवस मी सेन्सर पुसतोय, सक्शन कप बदलतोय, स्पीड उतरवतोय. चौथ्या दिवशी दोघींपैकी सत्तरी तालुक्यातल्या मावशींनी एक खोकं उचललं, घडीवर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "पुठ्ठो मोव जाला." गोडाऊनची दमट हवा पिऊन पुठ्ठा सैलावला होता, खोकं धड चौकोनी उघडतच नव्हतं. त्यांना हे पहिल्याच दिवशी कळलेलं. मग बोलला का नाहीत? "स्क्रीन तुमचो, पासवर्ड तुमचो. आमकां कोण विचारता?"

पासवर्ड मीच घातला होता.

जपानी संशोधक साकिची टोयोडांचा 1924 चा माग आठवतो? धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढे टोयोटाच्या कारखान्यात तीच मुभा माणसाला मिळाली: शंका आली की दोरी ओढ. लाइन लगेच थांबत नाही. दिवा लागतो, टीमलीडर धावत येतो, गाडी पुढच्या टप्प्यावर जाईपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. कॉलेजात हे आपण पाठ करून मार्क मिळवले!

आता खोकी आदल्या दिवशीच एसीत आणून ठेवतो. मावशींच्या हाताशी पिवळं बटण दिलंय, पासवर्डशिवाय. दर दोन तासांनी दोघी जागा बदलतात. पहिल्या आठवड्यात मावशींनी तीनदा बटण दाबलं. दोनदा खरंच घोळ होता. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं आणि मॅनेजर नेमके तिथेच उभे. मावशी ओशाळल्या. मी म्हटलं, "दाबा हो, परत दाबा."

चवथीला येतोयस ना? गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला उंच माणूस हवाय.

तुझाच,
वेर्ण्याचा मेकॅनिक