कृपा आणि मजुरी

संपादक महोदय,

ख्रिस्ती धर्मात पापाची कबुली दिली की सारे माफ होते, मग सदाचाराची गरजच काय, असा आक्षेप अधूनमधून वाचायला मिळतो. त्याच्या मुळाशी 'कृपा' या शब्दाविषयीचा गैरसमज आहे. व्यवहारात कृपा होते ती मर्जी सांभाळणाऱ्यावर. ख्रिस्ती विश्वासातील कृपा मात्र ज्याच्या पदरी काहीच पुण्याई नाही त्याच्यावरही होते. संतवाङ्मयातील अहैतुकी कृपा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात येशूने सांगितलेला दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे एक दिनार रोज ठरवून मजूर लावतो. त्यानंतरही तो दिवसभरात पुन्हा पुन्हा बाजारात जातो आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना, कोणीच कामावर न घेतल्यामुळे तिथे ताटकळत असलेल्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दिनारच पडतो, तेव्हा दिवसभर ऊन सोसलेले मजूर कुरकुरतात. हिशेबाने पाहिले तर त्यांची तक्रार समजण्याजोगी आहे, पण ठरलेली मजुरी त्यांना पुरेपूर मिळालेली असते. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावरून दुपारी रिकाम्या हाताने परतणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला मालकाचे मन निराळे उलगडून सांगावे लागणार नाही.

वरील आक्षेपही नवा नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केला आणि निक्षून नाकारला. कृपा व सत्कर्मे यांच्या नात्यावरून १६व्या शतकात युरोपातील चर्च दुभंगले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतील प्रोटेस्टंट) प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यात माणसाचा स्वीकार केवळ कृपेने होतो आणि सत्कर्मे ही तिची फळे आहेत, हे दोघांनीही मान्य केले.

यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याची हकिकत (लूक, अध्याय १९) या दृष्टीने वाचावी. लोकांना नाडून श्रीमंत झालेला म्हणून गावाने ओवाळून टाकलेल्या या माणसाच्या घरी येशू आपण होऊन उतरतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द जक्कय देतो तो त्यानंतर. येशूला पाहण्यासाठी तो झाडावर चढला होता; येशूने त्याला तिथून खाली बोलावले तेव्हा त्याने एक पैही परत केलेली नव्हती.

– एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर